टँग्रा : पाहुण्यांनी कमावलेलं चामडं

बदलीवाला

मागच्या आठवड्यात इथे 'हक्का नूडल्समधलं हक्का म्हणजे काय' या धाग्यावर प्रतिसादांचा पाऊस पडला. त्यात एकानेही कोलकात्याच्या हाक्का चिनी लोकांच्या टॅनऱ्यांचं (चामडं कमावण्याच्या कारखान्यांचं) नाव काढलं नाही, म्हणून हा धागा. (तिथे अजिनोमोटोवरून झालेली हाणामारी कृपया इथे आणू नये.)

1994 ते 97 मी कोलकात्यात होतो, एका सरकारी बँकेच्या शाखेत. आमची बरीच कर्जखाती चामड्याची. कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावरचं खेळतं कर्ज) दिलं की दर महिन्याला जाऊन माल डोळ्यांनी पाहून यायचा असा नियम. शाखेतले बंगाली सहकारी हे काम मोठ्या प्रेमाने नव्या माणसाच्या गळ्यात घालत, आणि नवा माणूस मी होतो. साहेबांनी दोनच सूचना दिल्या : जेवून जाऊ नका आणि चांगले बूट घालू नका.

टँग्रा शहराच्या पूर्व कडेला. पलीकडे धापाचे कचऱ्याचे डोंगर आणि त्यापुढे पाणथळ. आत शिरलं की दोन्ही बाजूंना उंच भिंती, लोखंडी फाटकं, फाटकावर चिनी अक्षरं, आत भुंकणारी कुत्री. रस्त्याकडेच्या उघड्या गटारातून निळसर करडं पाणी वाहायचं. वासाबद्दल एवढंच सांगतो : सडक्या अंड्यांचा वास, त्यात ओला चुना आणि त्यावर मेलेल्या जनावराचा. तिसऱ्या महिन्यात तो मला येईनासा झाला. बायकोला मात्र मी दारात असतानाच यायचा.

आता हे चिनी तिथे आले कसे? कोलकात्यातला पहिला नोंदलेला चिनी वसाहतवाला टोंग अच्यू. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, 1780च्या आसपास, बजबजजवळ त्याला जमीन मिळाली. तिथे त्याने ऊस लावून साखरेचा कारखाना काढला. त्या जागेला आजही अच्छीपूर म्हणतात. तो लवकर वारला, कारखाना बुडाला, आणि त्याची माणसं शहरात तिरेट्टा बाजाराकडे सरकली. पुढची शंभर-दीडशे वर्षं चिनी लोक येत राहिले आणि प्रत्येक बोलीच्या लोकांनी आपापला धंदा धरला. कॅन्टनी म्हणजे सुतार, गोदीतलं लाकूडकामही त्यांचंच. हूपेकडचे दातांचे डॉक्टर. आणि हाक्का मंडळी बूट शिवायची. बेंटिंक स्ट्रीटवर त्यांची चपला-बुटांची दुकानं ओळीने होती.

'हाक्का' या शब्दाचाच अर्थ 'पाहुणी कुटुंबं'. चीनमध्येही ते पाहुणेच होते, उत्तरेकडून शतकानुशतकं दक्षिणेत सरकत आलेले. टँग्रातले बहुतेक ग्वांगडाँग प्रांतातल्या मेईशियान भागातले. बूट शिवणारा माणूस हिशेब करतो की चामडं विकत घेण्यापेक्षा आपणच कमावलं तर? तसे 1910च्या सुमारास काही जण शहराबाहेरच्या त्या दलदलीत गेले. जमीन कुणाला नको होती, पाणी भरपूर होतं, आणि सांडपाणी सोडायला खाडी-कालवे तयार होते.

आणि स्पर्धा नव्हती. भद्रलोक बंगाली वकिली करेल, मास्तरकी करेल, उपाशी राहील, पण कातड्याला हात लावणार नाही. मुसलमान व्यापारी कच्च्या कातड्यांत होते, पंजाबीही थोडे आले, पण क्रोम (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या) चामड्यात हाक्कांनी जम बसवला तो बसवलाच. दोन महायुद्धांनी त्यांना उचलून धरलं. फौजेला बूट लागतात, पट्टे लागतात, जीन लागतं. दुसऱ्या महायुद्धात कोलकाता म्हणजे ब्रह्मदेशच्या आघाडीचं कोठारच.

मी पाहिल्या त्या टॅनऱ्या घरच्या होत्या. खाली हौद आणि ड्रम, वर बिऱ्हाड. एका ठिकाणी जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत चुन्याचं पाणी आणि दुसऱ्या पायरीपासून लखलखीत लाल ऑइलपेंट. आजीबाई वर देवघरात उदबत्ती लावून बसलेल्या. भाऊ वेगळे झाले की इमारत तीच राहायची, पण धंदे दोन व्हायचे. एकाच ड्रमवर सकाळी एका भावाचा माल, दुपारी दुसऱ्याचा. बँकेला हे समजावून देताना माझे केस गेले.

स्टॉक मोजणं हा तर विनोदच. कच्चं कातडं मीठ लावून रचलेलं असतं, ते मोजता येतं. मग भिजवण, मग चुन्याचा हौद. चुन्यातून निघाल्यावर केस आणि आतलं मांस उतरवायचं, जाड असेल तर यंत्रावर आडवं चिरून दोन थर करायचे. मग आम्लाचं पाणी, मग क्रोम. ड्रममधून बाहेर येतं ते फिकट निळं, ओलं, गार. त्याला सगळे 'वेट ब्लू' म्हणतात. पुढे रंग, तेल, ताणून वाळवणं, पॉलिश. प्रत्येक पायरीला किंमत वेगळी. बँकेच्या तक्त्यात रकाने तीन : कच्चा माल, अर्धवट, तयार. मी विचारायचो, 'ड्रममध्ये किती?' मालक शांतपणे म्हणायचे, 'साहेब, हात घालून मोजा.'

1962 बद्दल ते लोक आपण होऊन बोलत नसत. मला कळलं ते फॉर्ममुळे. एका खात्याच्या नूतनीकरणात राष्ट्रीयत्वाचा रकाना रिकामा होता. मालकांचा जन्म कोलकात्यातला, शिक्षण कोलकात्यातलं, हिंदी माझ्याहून बरी. तरी युद्धानंतर अनेक वर्षं त्यांना परकीय नागरिक म्हणून नोंदणी करावी लागे, परवाना नवा करून घ्यावा लागे आणि शहराबाहेर जायचं तर परवानगी. ते म्हणाले, 'तुम्हाला जे सोपं पडेल ते लिहा.'

मग 19 डिसेंबर 1996. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की टँग्रा, तिलजला, तोपसिया आणि पगलाडांगा या चार भागांतल्या सुमारे 550 टॅनऱ्या शहराबाहेर हलवा. दुसऱ्या दिवशी शाखेत सगळ्या फायली टेबलावर. माझी बदली लवकरच झाली, त्यामुळे पुढचं मी लांबून पाहिलं. त्याबद्दल खाली प्रतिसादांत लिहीन, आधीच लांबलंय.

---

निळी_छत्री

वाखूसा (वाचनखूण साठवली)! मस्त लिहिलंय काका. अच्छीपूरला मी दोन वर्षांपूर्वी गेले होते. नदीकाठी टोंग अच्यूची समाधी आहे, घोड्याच्या नालेच्या आकाराची, भडक लाल. चिनी नववर्षाच्या सुमारास कोलकात्याचे चिनी लोक तिथे जाऊन येतात. जवळच देऊळ आहे. आम्ही गेलो तेव्हा रखवालदार आणि दोन शेळ्या एवढीच गर्दी होती.

एक शंका. बूट शिवणाऱ्यांनी टॅनरी काढली म्हणताय, पण चामडं कमावणं ही वेगळीच विद्या ना? ती कुणी शिकवली?

---

गावठी_रसायन

चामड्याला लागणारी रसायनं विकण्यात माझी बावीस वर्षं गेली, त्यामुळे राहवत नाही.

निळी_छत्री, क्रोमची विद्या तेव्हा सगळ्यांनाच नवी होती. झाडाच्या सालीने कमावणं हजारो वर्षांचं. त्यात कातडं सालीच्या काढ्यात आठवडेच्या आठवडे, जाड असेल तर महिनेही मुरतं आणि हात कुठे थांबवायचा हे पिढ्यांच्या अनुभवाने कळतं. क्रोमची पहिली चालणारी पद्धत 1884 ची, अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झची, दोन हौदांची. 1893 मध्ये मार्टिन डेनिसने ती एका हौदात आणली. म्हणजे हाक्का टँग्रात आले तेव्हा ही पद्धत पुरती वीस वर्षांचीही नव्हती. सालीला आठवडे-महिने लागणारं काम एक-दोन दिवसांवर आलं. पिढीजात ज्ञानाची मक्तेदारी एका झटक्यात मोडली. भांडवल, ड्रम आणि शिस्तीत वजनमापं करणारा माणूस असला की धंदा उभा राहायचा. नवख्याला आत शिरायला इतकी चांगली वेळ पुन्हा आली नसती.

आणि एक गंमत. तयार क्रोम पावडर पोत्यात मिळायला लागली ती नंतर. आधी टॅनरीतच बनवायचे. डायक्रोमेट, सल्फ्युरिक आम्ल आणि त्यात साखर किंवा गुळाची मळी. केशरी पाणी उकळत उकळत हिरवंगार होतं. घातक क्रोमियम गुळाने माणसाळवायचं! त्या पिंपावर उभं राहून वाफा घेणाऱ्याच्या नाकाचं काय होत असेल ते विचारू नका.

मूळ लेखात एक छोटी भर : चामडं पुरतं कमावलं गेलं का हे पाहायला तुकडा उकळत्या पाण्यात टाकतात. क्रोमचं असेल तर जसंच्या तसं राहतं, कच्चं राहिलं असेल तर आक्रसून बोटाएवढं होतं. सालीचं कमावलेलं उकळत्या पाण्यात टिकत नाही.

---

बदलीवाला

@गावठी_रसायन : दंडवत! तो तुकडा उकळण्याचा प्रयोग मी पाहिलाय, पण मला वाटायचं चहाचं पाणी ठेवलंय.

---

वारणाकाठ

लेख आवडला. पण एक गोष्ट खटकली, ती सांगतो.

मी ढोर समाजातला. आमच्याकडे पणजोबांपर्यंत कातडं कमावायचं काम होतं. बाभळीची साल आणि हिरडा. कातडं पिशवीसारखं शिवायचं, लाकडाच्या घोडीला टांगायचं, आत सालीचं पाणी भरायचं. ते पाणी कातड्यातून झिरपून खाली पडतं, पुन्हा वर ओतायचं. दिवसचे दिवस हेच. आजोबांचं नाव मोटेसाठी होतं. विहिरीवरची मोट फाटली की चार गावांतून लोक यायचे. पुढे विहिरीवर इंजिन बसलं, मोट गेली, आणि आजोबा साखर कारखान्यात वॉचमन झाले.

तर माझा प्रश्न असा की मालक चिनी, मान्य. चुन्याच्या हौदात कोण उतरत होतं? तुमच्या लेखात 'केस आणि मांस उतरवायचं' असं आहे. कुणी? क्रियापदाला कर्ताच नाही.

---

चिकित्सक_बाबूराव

वारणाकाठ, प्रत्येक धाग्यात जात आणायलाच हवी का? चिनी लोकांनी शून्यातून धंदा उभा केला, घरातल्या बायका-पोरांसकट राबले, हा इतिहास आहे. आपले लोक नोकरी शोधत बसले. त्यांच्याकडून शिकावं ते सोडून…

---

बदलीवाला

@वारणाकाठ : बरोबर पकडलंत. मालाचा तक्ता भरायची सवय लागली की क्रियापदांचे कर्ते गळतात. हौदात उतरणारे बहुतेक बिहारकडचे चर्मकार होते. अंगावर लंगोटवजा फडकं, पायात गमबूट कधी असायचे कधी नसायचे. गावाकडून एक जण यायचा, मग त्याचा भाऊ, मग मेहुणा. राहायचे टॅनरीच्याच आवारात किंवा बाजूच्या बस्तीत. मालक त्यांच्याशी हिंदीत बोलत, आपसांत हाक्कात.

@चिकित्सक_बाबूराव : जात मी आणली नाही आणि वारणाकाठ यांनीही नाही, ती त्या जमिनीतच होती. टँग्रात चिनी लोकांना जागा मिळाली ती आपल्याकडच्या विटाळामुळे. ते सोवळ्या-ओवळ्याच्या बाहेरचे, त्यामुळे मालक होऊन चामड्यातून पैसा मिळवायला त्यांना आडकाठी नव्हती. आणि पिढ्यान् पिढ्या जे हात ते काम करत होते ते त्याच विटाळामुळे मजूरच राहिले, कारण त्यांना कर्ज कोण देणार? आमच्या बँकेने दिलं नाही. चिनी कुटुंबं राबली हे खरंच आहे, मी पाहिलंय. मालकांची बायको फिनिशिंगच्या टेबलावर असायची. पण हौदात नाही.

---

वारणाकाठ

धन्यवाद. वाद घालायला लिहिलं नव्हतं. आमच्याकडेही हा पेच होताच. 1927 ला महाडला बाबासाहेबांनी सांगितलं की मेलेली ढोरं ओढणं सोडा. आमच्या घराण्यात त्यावरून दोन तट पडले. एक आजोबा म्हणायचे काम सोडलं की मान मिळेल, दुसरे म्हणायचे काम सोडलं तर काम दुसरा घेईल आणि पैसाही. दोघांचंही खरं झालं. आज कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे (2019, चार जिल्हे आपले, चार कर्नाटकातले), पण ती ज्या चामड्याची होते ते कमावणारी घरं हाताच्या बोटांवर.

अवांतर : आपल्या भाषेत 'कमावणं' हा एकच शब्द पैशाला आणि चामड्यालाही. ज्याने चामडं कमावलं त्याने पैसा कमावला असं क्वचितच झालं.

---

माझगावकर

मुंबईची भर. धारावीचा चामड्याचा धंदासुद्धा बाहेरून आलेल्यांनीच उभा केला. तिरुनेलवेलीकडचे तमिळ मुसलमान मालक आणि व्यापारी, कामाला तमिळ दलित, आपले ढोर-चांभार, उत्तरेकडचे लोक. वांद्र्याचा कत्तलखाना जवळ म्हणून टॅनऱ्या खाडीकाठी. 1971 मध्ये कत्तलखाना देवनारला गेला आणि नंतर टॅनऱ्याही शहराबाहेर ढकलल्या गेल्या. आता धारावीत तयार चामडं आणून पर्स-पाकिटं शिवतात, कमावणं जवळपास नाही. टँग्राची गोष्ट वाचताना सारखं वाटत होतं की ही आपल्या गल्लीची आहे.

आणि चिनी म्हणाल तर आमच्या माझगावातही एक चिनी देऊळ आहे, 1919 चं, सी यप कून. वरच्या मजल्यावर. लहानपणी आम्ही तिथे घाबरत घाबरत जायचो, कुणी रागावलं नाही कधी. 'चिकन मंच्युरियन'वाले नेल्सन वांग जन्मले कोलकात्याचे आणि ती डिश त्यांनी मुंबईत क्रिकेट क्लबात केली, 1975 ला. हे लिहायचा मोह आवरत नव्हता. मंच्युरियाचा काही संबंध नाही.

---

निळी_छत्री

खिक्क. अजिनोमोटो येणार आता.

---

चिकित्सक_बाबूराव

62 बद्दल : युद्ध चालू होतं. शत्रूराष्ट्राच्या नागरिकांवर नजर ठेवणं कुठलाही देश करतो. उगाच अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही.

---

बर्फात_पाय

टोरांटोहून. नजर ठेवणं वेगळं आणि उचलून नेणं वेगळं, बाबूराव.

स्कारबरोमध्ये मी राहते तिथे कोपऱ्यावर एक 'हाक्का चायनीज' आहे. इकडे हाक्का म्हणजे आपल्याकडचं चायनीज, चिली चिकन वगैरे, आणि चालवणारे बरेचसे कोलकात्याचे. गल्ल्यावर बसणारे काका माझ्याशी हिंदीत बोलतात आणि मुलांशी इंग्रजीत. त्यांच्या बायकोच्या माहेरची मंडळी आसामातली. 1962 च्या नोव्हेंबरात त्यांना पोलिसांनी थोड्या दिवसांची बाब आहे असं सांगून नेलं, आणि आगगाडीने राजस्थानात देवळीला. तारेच्या कुंपणातली छावणी. सुमारे 3000 चिनी वंशाचे लोक होते तिथे, बहुतेक आसाम आणि उत्तर बंगालचे, थोडे इतर भागांतले. बायका, म्हातारे, तान्ही पोरं. खटला नाही. शेवटचे लोक सुटले ते 1967 मध्ये. परत आले तर दुकानं-घरं शत्रूची मालमत्ता म्हणून लिलावात गेलेली. मावशी, म्हणजे काकांची बायको, त्या वेळी सात वर्षांच्या होत्या. छावणीत उंटाचं मांस वाढायचे म्हणतात, त्याचा वास अजून आठवतो म्हणे.

टँग्रावाल्यांपैकी बरेच जण त्या मानाने बचावले, पण धडा सगळ्यांनीच घेतला. मुलं मोठी झाली की कॅनडा. काका म्हणतात त्यांच्या वर्गातले निम्मे इथेच आहेत.

---

बदलीवाला

@बर्फात_पाय : हे वाचून ते 'तुम्हाला जे सोपं पडेल ते लिहा' नव्याने कळलं. मी त्या वेळी 'भारतीय' लिहून मोकळा झालो होतो. साहेबांनी खोडून पुरावा मागितला.

आता निकालानंतरचं. कोर्टाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गंगा प्रदूषणाचा हा खटला 1985 पासूनचा, 1987 ला कानपूरच्या टॅनऱ्यांवर निकाल झाला आणि मग कोलकात्यावर आला. इथलं सांडपाणी कालव्यांतून पूर्वेच्या पाणथळीत जायचं, आणि त्या पाणथळीत शहराच्या मैल्यावर वाढलेली मासळी आणि भाजी पुन्हा शहराच्याच ताटात. पुढे 2002 मध्ये ती पाणथळ रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत) गेली, 12,500 हेक्टर.

नवी जागा बानतला. तिथे सांडपाणी शुद्धीकरणाची सामाईक सोय करायची, प्रत्येकाने प्लॉटचे पैसे भरायचे. कोर्टाने 1997 ची मुदत दिली होती, देखरेखीला हायकोर्टात हरित खंडपीठही बसवलं, पण खरं हलणं 2000 नंतर सुरू झालं आणि संकुलाचं रीतसर उद्घाटन 2005 ला. मधल्या काळात टांगलेल्या कातड्यासारखी अवस्था. यंत्र नवं घ्यावं की नाही? बँक म्हणते, जागा कुठे आहे ते सांगा मग कर्ज. नव्या जागेत जायचं तर मोठा प्रकल्प हवा, भांडवल हवं, पंधरा-वीस वर्षं धंदा करणारा मुलगा हवा. मुलगा बर्फात_पाय यांच्या कोपऱ्यावर. काही मोठे चिनी टॅनर गेले बानतल्याला, बाकीच्यांनी फाटकं लावली. बानतला आज मोठं झालंय, पण ती चिनी वस्ती राहिलेली नाही. शहरात मिळून चिनी वंशाचे दोनेक हजार उरले असं म्हणतात.

---

गावठी_रसायन

पाण्याच्या बाजूने थोडं. एक किलो कच्च्या कातड्याला 30-40 लिटर पाणी लागतं, आणि ड्रममध्ये टाकलेल्या क्रोमपैकी जुन्या पद्धतीत साठ-सत्तर टक्केच कातडं पितं, बाकी गटारात. म्हणजे रसायनाचे पैसे देऊन गटार निळं करायचं. मी टॅनरवाल्यांना सांगायचो की तेच पाणी पुढच्या खेपेला वापरा, क्रोम वाचेल. मान डोलवायचे. एकाने मला सांगितलं, 'बाबू, पाणी फुकट आहे, क्रोम उधार आहे, वेळ रोख आहे.' त्याच्यापुढे मी काय बोलणार.

पण सगळं खापर चिनी टॅनऱ्यांवर नको. त्या चार भागांत पंजाबी आणि मुसलमान मालकांच्या टॅनऱ्याही होत्या, आणि चुना-सल्फाइडचं पाणी सगळ्यांचंच होतं.

---

निळी_छत्री

टँग्रातल्या त्या चिनी कालीमंदिराबद्दल कुणी लिहिलंच नाही! प्रसादाला नूडल्स असतात हे खरं का?

---

बदलीवाला

खरं. देऊळ छोटं, पूजा बंगाली भटजी करतात, पण त्याची देखभाल चिनी मंडळींकडे. उदबत्त्या चिनी, जास्वंदीचे हार बंगाली. दिवाळीच्या रात्री कालीपूजेला मी गेलोय एकदा. खिचडीच्या भोगाशेजारी नूडल्सची परात.

---

वारणाकाठ

काका, पुन्हा एकदा त्रास देतो. फाटकं लागली तेव्हा हौदातले लोक कुठे गेले?

---

बदलीवाला

त्रास कसला. सगळ्यांचं मला माहीत नाही. काही बानतल्याला लागले, रोज बसने जाऊन-येऊन. काही गावी परतले. एकाचं मात्र सांगू शकतो.

2011 मध्ये मुलीला घेऊन कोलकात्याला गेलो होतो. टँग्रात जेवायचं ठरलं. टॅनऱ्यांची आता रेस्टॉरंट झाली आहेत हे ऐकून होतो, पण टॅक्सीने सोडलं ती जागा माझ्या ओळखीची निघाली. फाटक तेच, रंग बदललेला. आत एसी, लाल कंदील, मोठे फिशटँक. जमिनीवर चकचकीत फरशी, पण एका बाजूला हलकासा उतार. टेबल किंचित डुगडुगत होतं. वेटरने पायाखाली पुठ्ठा घातला.

बाहेर पडताना फाटकावरचा म्हातारा वॉचमन माझ्याकडे बघत राहिला. 'बँकवाले बाबू?' त्याने मला ओळखलं, मी त्याला नाही. पूर्वी तो ड्रमवर होता. मी विचारलं, आता वास नाही, बरं वाटतं ना? तो हसला आणि आतल्या बाजूला बोट दाखवून म्हणाला, तुम्ही बसला होतात त्याच्या खाली चुन्याचा मोठा हौद होता, राबिट टाकून बुजवला, पण जमीन अजून बसतेय. दोनदा फरशी बदलली.

---

वारणाकाठ

नाव काय त्यांचं?

---

बदलीवाला

विचारलं नाही हो. मुलगी टॅक्सीत बसली होती.

---

माझगावकर

काका, आमच्याकडे आलात की माझगावच्या देवळात नेतो. जेवणाचं मात्र बाहेर बघू.